हार्ड डिस्कचा लपंडाव

मालेगाव म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात, पॉवरलूम आणि पिक्चर! शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही व्हीसीआरवर जोडकाम करून. त्यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या शूटिंगवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी केली. त्यात ऐन शूटिंगमध्ये कॅमेराच पाण्यात पडतो. सगळ्यांचे चेहरे उतरतात. पण कॅमेरा दुरुस्त होतो आणि पिक्चर पूर्ण होतो. यंत्राचं असंच असतं, मंडळी. ते दुरुस्त होतं, नाहीतर नवं येतं. त्यात साठवलेलं मात्र दुकानात मिळत नाही.

आता टेपा गेल्या. बहिणीच्या लग्नाचं शूटिंग, ऑफिसचे प्रोजेक्ट, बाळाचे फोटो, सगळं खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर. आणि ही बया मध्येच गायब होते! कॉपी ६० टक्क्यांवर आलेली असते, ‘टुडुंग’ असा आवाज होतो, खिडकी बंद. पुन्हा लावली की दिसते, पाच मिनिटांनी पुन्हा लपते. मग आपण काय करतो? काढतो, फुंकर मारतो, परत खुपसतो. हे थांबवा!

पहिलं काम, डिस्क दिसतेय तोवर माल बाहेर काढा. ज्याची दुसरी कॉपी कुठेच नाही, ते सगळ्यात आधी. एकदम सगळं नको, थोडं थोडं घ्या. ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न आला तर सरळ ‘नाही’ म्हणा. एरर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर्सही आत्ता नकोत. आजारी डिस्कला त्यानं जास्तच धाप लागते.

दुसरं काम, कान लावा. एका लयीत टक-टक किंवा खरखर येत असेल तर आतला हेड बिघडल्याची शक्यता आहे. लगेच काढा, परत लावून बघू नका आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारा मित्र भेटेलच. त्याला चहा पाजा, पण ऐकू नका. थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं!

आवाज नेहमीचाच असेल तर टेन्शन कमी. आता संशयितांची लाईन लावू.

नंबर एक, केबल. पुष्कळ डिस्कना मागे चपटा, रुंद पिनचा कनेक्टर असतो. तो रोजच्या काढघालीनं सैल होतो. दुसरी चांगली, आखूड केबल लावून पाहा. फोनची कुठलीही केबल चालेल असं समजू नका, काही केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात.

नंबर दोन, करंट. छोट्या डिस्कला वेगळा अॅडॅप्टर नसतो, ती यूएसबीवरच जगते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. डिस्क फिरायला लागताना तिची भूक जास्त असते. ती भागली नाही की बसलीच खाली. म्हणून डेस्कटॉपला पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा. हब वापरायचाच असेल तर स्वतःचा अॅडॅप्टर असलेला घ्या. मोठ्या डिस्कचा अॅडॅप्टर सैल असेल किंवा लाईट झोके घेत असेल तरी हाच खेळ होतो. अशांना यूपीएस हवा.

नंबर तीन, विंडोजची काटकसर. वीज वाचवायला ती यूएसबी पोर्टला झोपवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’ उघडा, ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याच्या परवानगीची टिक काढा. पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा.

नंबर चार, ऊन. अनेक पोर्टेबल डिस्क ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायच्या असतात. आपल्या मालेगावात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे! त्यात ती गादीवर, लॅपटॉपच्या गरम बुडाशी ठेवली तर कसं व्हायचं? टेबलावर, पंख्याखाली ठेवा.

आता शेवटची परीक्षा. दुसरी केबल, दुसरा कम्प्युटर, तरीही लपंडाव चालूच? मग दोष डबीतल्या सर्किटमध्ये किंवा डिस्कमध्येच. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर तब्येत सांगतं. त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं की डिस्कला रिटायर करा. डबी फोडून डिस्क दुसऱ्या डबीत घालायचा विचार असेल तर थांबा. काही मॉडेल्समध्ये यूएसबीचा पोर्ट डिस्कच्याच बोर्डवर असतो, फोडून हाती काहीच लागत नाही.

आणि डिस्क ठणठणीत निघाली तरी महत्त्वाच्या फायलींच्या तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मामाच्या कपाटात किंवा क्लाऊडवर, कुठेही चालेल.

तेव्हा पुढच्या वेळी ‘टुडुंग’ वाजलं की फुंकर नको. आधी कॉपी, मग केबल!