न मोजता कळलेला कोन

मी शिकवते चौथीला. आमच्याकडे कोन म्हणजे काटकोन, लघुकोन आणि विशालकोन. कागदाची घडी घालायची, कोपऱ्याला लावून बघायची, की झालं. पुढची भूमिती हायस्कूलची. पण शाळेतून गेलेली मुलं कुठे अडली की संध्याकाळी घरी येतात, आणि मग हायस्कूलची भूमितीही आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसते.

अशीच एक जण परवा आली. आता आठवीत आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. हातात घटक चाचणीचा पेपर, डोळे लाल. प्रश्न असा होता : दोन समांतर रेषा, त्यांना तिरकी कापत जाणारी छेदिका, एक कोन ११० अंशांचा दिलेला आणि दुसरा काढायचा. हिने काय केलं? कंपासपेटीतून कोनमापक काढला, आकृतीवर ठेवला, डोळे बारीक करून मोजलं आणि उत्तर लिहिलं १०४. मिळाले शून्य गुण.

"बाई, मी नीट मोजलं होतं हो!"

आणि खरंच, तिने नीटच मोजलं होतं. मी स्वतः कोनमापक लावून पाहिला. छापलेली आकृतीच जरा वाकडी होती. पेपरातली आकृती नुसती कल्पना देण्यासाठी असते, ती मापात काढलेली असेलच असं नाही. पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, "व्याख्या येतात का?" तर घडाघडा म्हणून दाखवल्या. संलग्न कोन, कोटिकोन, पूरक कोन, रेषीय जोडी, विरुद्ध कोन, संगत, आंतरव्युत्क्रम... स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. मग मी म्हटलं, "विरुद्ध कोन सारखे असतात ते का गं?" ती म्हणाली, "कारण ते विरुद्ध कोन असतात." मी हसले. तशी तिने उलट विचारलं, "मग का असतात, बाई?"

आणि माझी पंचाईत झाली! शाळेत मीही ते पाठच केलं होतं. "थांब हं, चहा ठेवते," म्हणून मी आत सटकले.

ओट्यावर दुधाची पिशवी कापायची कात्री पडली होती. ती उघडली. मुठी लांब गेल्या, तशी पातीही तेवढीच फाकली. मुठी जवळ आणल्या, पाती मिटली. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी, असं होतच नव्हतं. चहा तसाच ठेवून मी खराट्याचे दोन हीर काढले, ते मध्ये टाचणीने जोडले आणि तिच्यासमोर ठेवले. तुम्हीही करून बघा.

दोन हीर एकमेकांना कापतात तिथे चार कोन होतात. ओळीने गोल फिरत त्यांना अ, ब, क, ड म्हणू. अ आणि ब शेजारी शेजारी आहेत आणि दोघे मिळून एका सरळ हिराच्या एका बाजूला बसलेत. म्हणजे त्यांची बेरीज १८०. हीच रेषीय जोडी. आता ब आणि क बघा. तेही दुसऱ्या हिराच्या एका बाजूला बसलेत, म्हणजे त्यांचीही बेरीज १८०. ब तर दोन्हीकडे तोच आहे! मग १८० पुरे करायला अ ला जेवढं व्हावं लागतं, क लाही तेवढंच व्हावं लागणार. झालं की! युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथात पहिल्याच भागात हे पंधरावं विधान आहे. त्याला सव्वादोन हजार वर्षं झाली, आणि मला ते कात्रीमुळे कळलं!

जाता जाता एक गोंधळ मिटवू. कोटिकोनांची बेरीज ९० आणि पूरक कोनांची १८०. हे कोन शेजारी असायलाच हवेत असं काही नाही. एक ४० अंशांचा कोन नागपुरात काढा आणि ५० अंशांचा रत्नागिरीत, तरी ते कोटिकोनच. रेषीय जोडीला मात्र शेजार लागतोच.

आता समांतर रेषा. त्यासाठी रेघांची वही घ्या, रेघा आयत्याच समांतर मिळतात. त्यातल्या दोन रेघा ठळक करा आणि त्यांना कापणारी एक तिरकी रेघ ओढा. कोन झाले आठ. वर बटर पेपर ठेवून वरच्या छेदावरचे चार कोन गिरवा आणि तो कागद तिरक्या रेघेवरूनच खाली सरकवा. खालच्या चार कोनांवर तो चपखल बसतो की नाही? जागच्या जागी जुळले ते संगत कोन. वरचे चार खाली उतरले, आणि प्रत्येक छेदावर समोरासमोरचे कोन तर सारखेच असतात. म्हणून आंतरव्युत्क्रम कोनही सारखे आणि एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०. आठ कोन, पण मापं दोनच!

नंतर मुद्दाम दोन रेघा अशा काढा की त्या समांतर नाहीत. बटर पेपर पुन्हा सरकवा. बसतो का? नाही बसत. संगत कोनांना नाव संगतच राहतं, पण मापं सारखी राहत नाहीत. परीक्षेत 'समांतर' हा शब्द न वाचताच मुलं कोन सारखे करून टाकतात आणि तिथेच फसतात.

"पण बाई, कोनमापक असताना एवढा विचार कशाला करायचा?" हे तिनेच विचारलं. मग मी तिला एरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगितली.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा माणूस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. तिथून दूर दक्षिणेला सायीनी नावाचं गाव, आजचं आस्वान. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी तिथे सूर्य डोक्यावर येई आणि उभ्या खुंटीची सावलीच पडत नसे. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडे. सूर्यकिरण आणि उभी खुंटी यांच्यातला कोन निघाला पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश.

आता वहीत एक मोठं वर्तुळ काढा, ती पृथ्वी. सूर्य इतका लांब आहे की दोन्ही गावांवर येणारे किरण समांतरच धरायचे. सायीनीचा किरण तसाच आत वाढवला तर थेट पृथ्वीच्या मध्यावर पोचतो. अलेक्झांड्रियाची खुंटी खाली वाढवली तर तीही मध्यावरच पोचते. म्हणजे दोन किरण या समांतर रेषा, आणि खुंटीची रेघ ही छेदिका! खुंटीपाशी ७.२ अंश, तर पृथ्वीच्या पोटातही ७.२ अंशच. आंतरव्युत्क्रम कोन. पृथ्वीच्या पोटात कोनमापक घेऊन कोण जाणार होतं?

३६० ला ७.२ ने भागा, ५० येतात. म्हणून दोन गावांमधलं अंतर पन्नास पट केलं की पृथ्वीचा घेर. त्याने ते अंतर तेव्हाच्या मापात ५००० स्टेडिया धरलं होतं. आपण किलोमीटरमध्ये करू. सरळ अंतर साधारण ८४०, गुणिले ५०, झाले ४२०००. खरा घेर सुमारे ४०००० किलोमीटर आहे. आस्वान हे अलेक्झांड्रियाच्या बरोब्बर दक्षिणेला नसून जरा पूर्वेला आहे, म्हणून आपलं उत्तर थोडं जास्त आलं.

बिनसावलीची दुपार आपल्याकडेही येते. अख्ख्या महाराष्ट्रात ती वर्षातून दोनदा असते. बहुतेक ठिकाणी एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टच्या सुमारास, गावागणिक तारीख वेगळी. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळात ढग, तरी सुट्टीत अंगणात एक काठी उभी करून बघाच.

पालकांना एक विनंती. "व्याख्या म्हणून दाखव" म्हणण्याआधी वहीत दोन रेघा काढून "हा कोन तेवढाच का रे?" असं विचारून बघा. उत्तर तुम्हालाही आलं नाही तर माझ्यासारखं चहा ठेवायला जा.

त्या मुलीचे गुण काही वाढले नाहीत. पण जाताना बटर पेपर आणि दोन्ही हीर घेऊन गेली. चहा मात्र उतू गेला होता.

आता तुमची पाळी. कोनमापक कंपासपेटीतच राहू द्या.

१) रेल्वे फाटकाशी एक सरळ रस्ता दोन्ही रुळांना तिरका ओलांडतो. आठांपैकी एक कोन ६५ अंशांचा आहे. उरलेले सात सांगा.

२) दोन पूरक कोनांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे. दोन्ही किती?

३) दोन रेषांना एका छेदिकेने कापलं. संगत कोनांची एक जोडी निघाली ७२ आणि ७५ अंशांची. या रेषा वाढवत नेल्या तर भेटतील का? भेटल्या तर छेदिकेच्या कोणत्या बाजूला?

उत्तरं पुढच्या अंकात. तिसऱ्याला आकृती काढल्याशिवाय हात घालू नका!