‘मूळ’ मोटारीचे थोतांड

जुन्या मोटारींच्या बाजारात ‘ओरिजिनल’ या एका शब्दाने गेली काही वर्षे जो उच्छाद मांडला आहे, त्याची दखल वाङ्मयाच्या अभ्यासकांनी घ्यावी असे मला वाटते. विषय आपला नव्हे म्हणून तो गॅरेजवाल्यांवर सोडून देण्यात अर्थ नाही. भांडण मोटारीचे असले तरी त्यातील शब्द आपले आहेत. मूळ, अस्सल, शुद्ध, प्रक्षिप्त, जीर्णोद्धार हे शब्द आपण संहितांच्या संदर्भात पिढ्यान् पिढ्या वाद घालून, पारखून वापरत आलो. तेच शब्द आता पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारी विकणारे आणि विकत घेणारे कमालीच्या बेफिकिरीने उधळत आहेत.

अशा मोटारीचे वर्णन बहुधा एकाच साच्यातले असते. इंजिन मूळचे, रंग मूळचा, आसनांचे कातडे मूळचे आणि गाडी तीस वर्षे जागची हललेली नाही. यातील शेवटची बाब विक्रेता गुण म्हणून सांगतो, आणि गिऱ्हाईकही ती गुण म्हणूनच ऐकते! धावणे हा ज्या यंत्राचा धर्म, ते तीस वर्षे धावलेले नाही याचे कौतुक करणे म्हणजे तीस वर्षे कुणी उघडली नाही म्हणून पोथीची थोरवी गाणे होय. पोथी निदान न उघडता टिकते. मोटार टिकत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. जुनी स्पोर्ट्‌स मोटार घेताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘मूळपण’ नव्हे. नाममुद्रा, वेग, रंगाची झळाळी यांचा तर प्रश्नच नाही. महत्त्वाचा असतो तो दुरुस्तीचा अखंड इतिहास: काय मोडले, केव्हा बदलले, कशाने बदलले, याचा प्रामाणिक हिशेब, आणि तो हिशेब पुढे चालवू शकणारे हात आपल्या आवाक्यात आहेत की नाहीत, हा प्रश्न.

सोलापुरात राहणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला एम. जी. टी. सी. घ्यावयाची आहे असे धरू. उदाहरण मुद्दामच घेतले आहे, कारण अभिजात स्पोर्ट्‌स मोटार म्हटले की डोळ्यांपुढे जी आकृती येते ती बरीचशी हिच्यावरून ठरलेली आहे. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या सुमारे दहा हजार झाल्या. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, चाके बारीक तारांची, आणि सुकाणू फक्त उजव्या बाजूला, म्हणजे आपल्या रस्त्यांना सोयीचे. हिच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. आता आपला हा गृहस्थ चार गाड्या पाहणार. मुंबईची वा कोकणातली गाडी तो भीतभीत पाहील, कारण खाऱ्या दमट हवेने पत्रा आतून खाल्लेला असतो आणि वरची पुट्टी ते झाकून ठेवते. लोहचुंबक पत्र्यावर फिरवला आणि तो एखाद्या ठिकाणी धरेनासा झाला की तेथे पोलाद नसून पुट्टी आहे हे कळते. एवढी अक्कल सर्वांना असते. पण सोलापूर-विजापूरकडची गाडी दिसली की तो निर्धास्त होतो. कोरड्या हवेतली गाडी, गंज नाही!

गंज नसेलही. सोलापूर पर्जन्यछायेत आहे आणि पत्र्याला ते मानवते. परंतु उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची झळ सोसत शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचे पत्र्याखेरीज बाकी काय होते, हे कोण विचारतो? लाकूड आकसते आणि सांध्यांत ढिले पडते. तारांवरचे वेष्टन तडकते. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरे कडक होतात, कातडे फाटते, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर होऊन बसतो. हे सारे ‘मूळचे’ आहे, यात शंका नाही. मूळच्या तारांवर भरवसा ठेवून किल्ली फिरवली तर आगीलाही आमंत्रण द्याल, मूळच्या रबरांवर भरवसा ठेवून ब्रेक दाबला तर थांबणार नाही. ज्याने दर काही वर्षांनी ही रबरे, या तारा बदलल्या आणि तशी नोंद ठेवली, त्याची गाडी ‘मूळ’ नव्हे म्हणून स्वस्त, आणि ज्याने आळसाने तिला हातच लावला नाही त्याची महाग, असा हा उफराटा बाजार आहे.

पुढे या इंजिनाची एक खोड आहे. त्याचे आटे मेट्रिक मापाचे, पण बोल्टची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. शिवाय विजेच्या जोडणीत आज सर्वत्र ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडतात, तर इथे धन टोक जोडलेले. हे ठाऊक नसलेल्या मिस्त्रीने नेहमीचा पाना लावून जोर केला, किंवा बॅटरी उलटी जोडली, तर एका दुपारी ऐंशी वर्षांचे नुकसान होते. म्हणून गाडी पाहण्यापूर्वी मिस्त्री पाहावा. सोलापूरसारख्या गावात हे अशक्य नाही, उलट सोपेच असावे. १८७७ साली इथे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले आणि चादरीचा माग चालता ठेवणाऱ्या फिटरची, लेथवाल्याची, जॉबरची विद्या या गावात मुरलेली आहे. मागाचा धोटा कितव्यांदा बदलला, जेकार्डचा कोणता भाग मूळचा, असे तिथे कुणी विचारत नाही. माग सुटा धागा न सोडता विणतो का, एवढेच विचारतात. मोटारशौकिनांनी हा प्रश्न शिकून घ्यावा.

इथे कुणी म्हणेल, सगळे बदलले तर गाडी ‘ती’ राहिली कुठे? प्रश्न रास्त आहे आणि एका न्यायालयाने त्याचे उत्तर दिलेले आहे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत बेंटली कंपनीच्या एकाच मोटारीने जिंकली. ‘ओल्ड नंबर वन’ हे तिचे नाव. पुढे तिच्यात शर्यतीसाठी फेरफार झाले, मोठे इंजिन बसले, १९३२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर तिला भीषण अपघात होऊन चालक ठार झाला, मग तिचा पुन्हा नवा अवतार झाला. सुमारे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरल्यावर खरेदीदार अडून बसला. ही ती गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो खरेदीदाराच्या विरुद्ध. १९२९ सालच्या गाडीचा फारसा भाग उरलेला नाही, म्हणून तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती कधी नाहीशी होऊन पुन्हा रचली गेली असेही झालेले नाही. ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली, तिचा इतिहास कुठे तुटला नाही, सबब ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे. मूळ आणि अस्सल या दोन शब्दांत इतका नेमका भेद आमच्या समीक्षेतही क्वचित केला जातो.

क्वचित म्हटले, कारण करणारे होऊन गेले आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यामागे त्या दुरुस्तीचा हात आहे, म्हणून ती खोटी ठरत नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा विष्णु सीताराम सुकथनकर यांनी व्यासांची मूळ संहिता हाती आल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता येईल तिथवर जावे, आणि जे पाठ बाजूला ठेवले ते तळटीपांत नोंदवावेत, ही त्यांची शिस्त. तळटीपा काढून टाका, म्हणजे त्या आवृत्तीची निम्मी किंमत गेली. मोटारीच्या बाबतीत जुन्या पावत्या, सुट्या भागांची बिले, लेथवाल्याच्या वहीतील नोंदी या तळटीपाच होत. गाडीबरोबर असा कागदांचा गठ्ठा येत नसेल, तर नुसत्या चकाकीवर पैसे टाकणारा माणूस छापखान्याच्या कागदावर भाळून ग्रंथ घेणाऱ्यांतला.

आता विरोधी पक्षाची सर्वांत बळकट बाजू. दुरुस्तीला इतके महत्त्व दिले तर उद्या कुणीही एम. जी.मध्ये जीपचे डिझेल इंजिन बसवील आणि त्यालाही ‘इतिहास’ म्हणेल. आपल्याकडे पेट्रोल परवडेना तेव्हा असे प्रकार झालेही. माझे उत्तर असे की दुरुस्ती वेगळी आणि प्रक्षेप वेगळा. झिजलेली बेअरिंग त्याच मापाची घडवून बसवणे, कुजलेले लाकूड त्याच सांध्यांनी जोडणे, ही त्या यंत्राच्या व्याकरणात राहून केलेली दुरुस्ती. डिझेल इंजिन हे पदरची ओवी घुसडणे. दोन्हींची नोंद हवीच, फक्त एकीने गाडी पुढे जाते आणि दुसरीने तिची भाषाच बदलते. शिवाय लक्षात घ्या, माझी कसोटी ‘मूळपणा’पेक्षा सैल नाही, कडक आहे. आकड्यांची पट्टी नवी ठोकून ‘मूळ’ इंजिन निर्माण करणे कुशल ठगाला अवघड नाही. तीस-चाळीस वर्षांचा दुरुस्तीचा विसंगतीरहित हिशेब बनवणे महाकठीण. आपल्याकडे नोंदणीपुस्तकावर इंजिन आणि चॅसिस, दोहोंचे क्रमांक असतात. बदललेल्या इंजिनाची तिथे रीतसर नोंद असलेली गाडी कारखान्यातून निघाल्यासारखी ‘जुळलेली’ नसली तरी कायद्याने स्वच्छ असते. नोंद न करता गुपचूप ‘मूळ’ इंजिन मिळवून बसवलेली गाडी मात्र घेणाऱ्याला परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या घालायला लावते.

सरकारनेही या गोंधळात आपला वाटा उचलला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण, मूळ रूपात जतन केलेली, चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी, ही तिची व्याख्या. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकपट्टीवर ‘व्ही. ए.’ ही अक्षरे. हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. परंतु या नोंदणीखालची गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन व देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला बंदी. म्हणजे जिच्यात बदल करू नये आणि जी चालवू नये, ती आदर्श मोटार! दररोज दहा किलोमीटर धावणारे इंजिन वर्षातून एकदा फेरीपुरते खोकणाऱ्या इंजिनापेक्षा निरोगी असते, हे कोणताही फिटर सांगेल. त्याला विचारले कुणी?

वापर थांबला की केवळ यंत्र मरत नाही, विद्या मरते. याचा दाखला सोलापूरकरांना परका वाटू नये. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचेच रूप असलेली पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनी स्पोर्ट्‌स मोटार नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या कुळातले, त्याच कुळातल्या तेवढ्याच आकाराच्या फियाट इंजिनावर इटलीत चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्‌स मोटार घडली, आणि ती आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिल्पासारखी ठेवलेली आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर आपल्याकडच्या फियाट शर्यतीत धावल्या त्या याच इंजिनाच्या जोरावर. हे इंजिन डोळे मिटून उघडणारे शेकडो हात मुंबईत होते, कारण हजारो टॅक्सी रोज धावत होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या मर्यादेत शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली ती काळ्या-पिवळ्या रंगाबद्दल. त्या हातांचे पुढे काय होणार, याची फिकीर हळहळणाऱ्यांना नव्हती. उद्या फियाटच्या इंजिनावरची एखादी जुनी शर्यतीची गाडी कुणी विकत घेईल, तेव्हा तिचा व्हॉल्व्ह बसवायला माणूस मिळणार नाही आणि मग ‘हात न लावलेली’ म्हणून तिची किंमत आणखी वाढेल.

गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी निघाली होती. फायबरचे अंग, रेनोचे सव्वा लिटरच्या आतले इंजिन. थोड्याच निघाल्या. पत्रा नाही म्हणून गंजाची भीती कमी, पण दिव्याची काच फुटली तर शोधत फिरावे लागते. माझ्या मते या मुलखातल्या नवशिक्या शौकिनाने फसव्या जग्वारच्या नादी लागण्यापेक्षा अशी, सतत चालवली गेलेली, जोडकामाचा हिशेब असलेली एखादी स्टॉर्म घ्यावी. पन्नास वर्षे झाली नाहीत, म्हणून सरकार तिला व्हिंटेज म्हणणार नाही. न म्हणेना.

व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत बदल करायचाच झाला तर ‘मूळ रूप’ हे शब्द काढून अर्जात एक रकाना वाढवावा: कोणता भाग, कोणत्या साली, कोणत्या कारणाने, कुणी बदलला. आणि त्या रकान्यात मिस्त्रीची सही असावी.