सर्पोतदारांचे सत्तर रुपये आणि तुमचा पहिला ग्राहक



आज जरा वेगळ्या विषयावर बोलू. बिझनेसचाच विषय आहे, पण सुरुवात एका पिक्चरपासून करतो. 'अशी ही बनवाबनवी'. 1988 चा पिक्चर, दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचं, लेखन वसंत सबनीस यांचं. माझ्या जन्माआधीचा, तरी मला तो जवळजवळ पाठ आहे. तुमच्याही घरी हेच असणार.

आमच्या किनवटच्या घरी रविवारी दुपारी टीव्हीवर हा पिक्चर लागला की बाबा किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचे. शेजारची पोरं, दोन मावश्या, आजी, सगळे एका खोलीत. भर रंगात आल्यावर लाईट जायची, कारण लोडशेडिंग. मग उरलेली गोष्ट आम्ही पोरंच करून दाखवायचो. मी नेहमी धनंजय माने व्हायचो, कारण मला अशोक सराफ व्हायचं होतं.

एक सीन आला की खोली हसून हसून लोळायची. घरमालक विश्वासराव सर्पोतदार, म्हणजे सुधीर जोशी, आपल्या डायबेटीसच्या औषधाची चौकशी करतात. औषध इस्राईलहून येणार असतं आणि त्यासाठी त्यांनी धनंजयला 70 रुपये आधीच दिलेले असतात. धनंजय सांगतो, औषध आणणारा माणूसच वारला. आणि माझे पैसे? तर तेही वारले!

सगळे हसायचे. बाबा हसायचे नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ज्याचे गेले त्याला विचार." मला वाटलं, बाबांना विनोद कळत नाही. त्यांच्या उधारीच्या वहीत असे किती 'वारलेले' रुपये होते, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. आजकाल रील्सवर एक सल्ला फार चालतो. नसलं तरी आहे असं दाखवा, आधी मोठे दिसा, मग मोठे व्हाल. आणि त्याला उदाहरण म्हणून धनंजय मानेचा जुगाड सांगतात. माझं स्पष्ट मत सांगतो. या पिक्चरमधून हा धडा घेणं म्हणजे पिक्चर अर्धाच बघणं आहे. मीही तो अर्धाच बघितला होता, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली.

बीबीए करून गावात परत आलो आणि मॅचिंग सेंटर टाकलं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. दुकान दहा बाय बाराचं, पण तोंडात भाषा मोठी. गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, "माल डायरेक्ट सुरतहून येतो आपल्याकडे." खरं म्हणजे मी सकाळच्या गाडीने नांदेडला जायचो, होलसेलवाल्याकडून दोन पिशव्या भरायचो आणि संध्याकाळी परत.

एक दिवस एका बचत गटाच्या ताई आल्या. 8 मार्चच्या कार्यक्रमाला सगळ्या जणी एकसारख्या साड्या नेसणार होत्या. चिंतामणी रंगाचे 40 ब्लाउजपीस हवे होते. एका पीसचे 120 रुपये, एकूण 4,800. त्यांनी 2,000 ॲडव्हान्स दिला. पन्नासच्या, शंभरच्या, काही दहाच्या नोटा. मी छाती फुगवून सांगितलं, "सुरतहून आठ दिवसांत मागवतो."

नांदेडला ती शेड मिळाली नाही. तोपर्यंत ॲडव्हान्समधून मी दुकानाचं भाडं भरून मोकळा झालो होतो. आठ दिवसांनी ताई आल्या. म्हटलं, ट्रान्सपोर्ट अडकलाय. पुन्हा आल्या. म्हटलं, पार्सल चुकून आदिलाबादला उतरलं. तिसऱ्या वेळी काही सुचेना, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "ताई, सुरतच्या व्यापाऱ्याचे वडील वारले हो."

बाबा तेव्हा दुकानातच बसले होते. ताई गेल्यावर म्हणाले, "काय सांगायलास रे त्यांना? कोणता व्यापारी? तू तर नांदेडहून माल आणतोस." मी गप्प. मग म्हणाले, "सर्पोतदाराचे सत्तर वारले होते. या बायांचे दोन हजार कधी वारले?"

त्या रात्री जेवण गेलं नाही. लहानपणापासून ज्या सीनवर हसत आलो, तोच सीन मी दुकानात करत होतो. फरक एवढाच की पिक्चरमध्ये पैसे घरमालकाचे होते. इथे ते आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकणाऱ्या बायकांचे होते.

आता पिक्चर पुन्हा नीट आठवा. धनंजय आणि त्याच्या मंडळींची अडचण खोटी नाही. पुण्यात राहायला जागा नाही आणि लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच ठेवून घेणार. म्हणून परशा पार्वती होतो, सुधीर सुधा होतो. जागा मिळते. पण पुढे काय होतं? एक खोटं लपवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. बायको म्हटली की तिला दिवस गेलेले दाखवा, दिवस गेले की डोहाळजेवण घाला! आपल्याला हसू येतं, कारण तो लक्ष्मीकांत बेर्डे आहे. पण त्या चौघांचा सगळा वेळ, सगळी अक्कल आता फक्त खोटं सांभाळण्यात जाते. शेवटी खरं बाहेर येतं आणि पिक्चर असल्यामुळे माफी मिळते. दुकानात शेवटचा सीन कोणी लिहून ठेवलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी मी बाबांकडून 2,000 घेतले. त्यांनी ते उधारीच्या वहीत माझ्या नावावर लिहिले, हेही सांगतो. ताईंच्या घरी गेलो, पैसे दिले, सगळं खरं सांगितलं. त्या चिडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी दुसऱ्या दुकानातून मिळेल तो रंग घेतला. गटातल्या बऱ्याच जणी पुढे माझ्याकडे आल्याच नाहीत. खरं बोललं की लगेच धंदा वाढतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण तुम्ही म्हणाल, सर, नवीन माणसाला कोण विचारतं? थोडं दाखवावं लागतंच ना! मान्य. दुकान छान सजवा, बोर्ड मोठा लावा, कपडे इस्त्रीचे घाला, आत्मविश्वासाने बोला. ते सजवणं झालं, फसवणं नाही. पण तीन गोष्टींत बनवाबनवी नको: माल कुठला, भाव काय, आणि देणार कधी. कारण या तिन्हींवर विसंबून समोरचा माणूस पैसे काढतो.

आणि माझा आजचा नियम सांगतो. ॲडव्हान्सचा पैसा आपला नसतो. माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत तो त्याचाच असतो. मी त्याच्यासाठी वेगळा डबा ठेवलाय, डब्यावर नाव आणि तारखेची चिठ्ठी. यूपीआयने आला तर त्याच दिवशी वेगळ्या खात्यात. त्यातून भाडं नाही, लाईटबिल नाही. तारीख हुकणार असेल तर ती उलटायच्या आधी फोन मी करतो. गिऱ्हाइकाने विचारायची वाट बघत नाही.

आज एक काम करा. वही घ्या. कोणाकोणाचा ॲडव्हान्स तुमच्याकडे पडून आहे, ते लिहा. नावापुढे रक्कम आणि तुम्ही दिलेली तारीख. तारीख उलटून गेली असेल त्याला आजच फोन लावा आणि जे खरं आहे ते सांगा.

त्या गटाच्या ताई पुढच्या संक्रांतीला फॉल-अस्तर घ्यायला आल्या होत्या. एक रंग नव्हता. मी म्हटलं, मागवतो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं सांग, कधी येईल?"

अजूनही येतात. अजूनही आधी हेच विचारतात.