नंबर म्हणजे कुलूप नव्हे

चाकणच्या एका कंपनीच्या सप्लायर पोर्टलवर परवा गंमतच झाली. आमच्या ऑर्डरच्या लिंकमध्ये शेवटी 4817 होतं. चुकून 4818 टाईप झालं आणि दुसऱ्याच व्हेंडरची ऑर्डर उघडली, पार्टच्या रेटसकट! लगेच कळवलं. तिकडे मीटिंग झाली आणि ठरलं काय? तर यापुढे ओळीने नंबर बंद. लिंक, चलान, गेट पास, सगळीकडे छत्तीस अक्षरी यूयूआयडी.

अहो, दार उघडं राहिलं म्हणून घराचा नंबर बदलायचा का?

लॉगिन केलेला माणूस आणि ऑर्डरचा मालक एकच आहे का, एवढं सर्व्हरने तपासलं असतं तर 4818 टाकून काहीही दिसलं नसतं. ती तपासणी अजूनही नाहीच. उद्या कुणी ती लांबलचक लिंक मेलने फॉरवर्ड केली की पुन्हा सगळं उघडं. यूयूआयडीच्या 2005 सालच्या मानकातच, आरएफसी 4122 मध्ये, बजावलंय की हे आकडे ओळखायला अवघड असतात असं गृहीत धरू नका.

आणि किंमत कोण मोजणार? थर्ड शिफ्टला ट्रक गेटवर उभा असताना फोनवरून छत्तीस अक्षरं वाचून दाखवणारा सिक्युरिटीवाला. 4816 नंतर एकदम 4818 आलं की आमच्या स्टोअरमधले काका लगेच विचारतात, "सतरा कुठंय?" रँडम नंबरात हरवलेलं चलान कसं दिसणार? सरकारलाही हे कळतं. जीएसटीच्या नियम 46 नुसार इनव्हॉइसला सलग अनुक्रमांक लागतो, तोही जास्तीत जास्त 16 अक्षरांत.

डेटाबेसचंही ऐका. पूर्ण रँडम किल्ल्या इंडेक्समध्ये कुठेही घुसतात आणि पानं फुटत राहतात. म्हणून तर 2024 च्या आरएफसी 9562 मध्ये वेळ पुढे ठेवणारी सातवी आवृत्ती आली. म्हणजे फिरून क्रमावरच!

एक मान्य. ओळीचे नंबर धंदा उघडा पाडतात. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी जर्मन रणगाड्यांवरच्या अनुक्रमांकांवरून त्यांचं उत्पादन ताडलं होतं. तेव्हा बाहेर जाणाऱ्या लिंकमध्ये खुशाल रँडम घाला. पण माणसांच्या हातातल्या कागदावर ओळीचाच नंबर राहू द्या.

आणि त्याआधी, कृपा करून, दाराला कुलूप लावा.