आरशातली गाडी

मुलांनो, आज सुरुवात कोड्यानं करू या. एक गाडी तुमच्या मागून येते. ती तुम्हाला धक्का देत नाही, साधी घासतसुद्धा नाही. तरी तीच तुम्हाला रस्त्याबाहेर गवतात नेऊन टाकते. सांगा पाहू कोणती?

नाही आलं? ऑनलाइन शर्यतीचे खेळ खेळणाऱ्यांना तरी यायला हवं होतं! ती गाडी म्हणजे आरशात दिसणारी गाडी.

आठवून पाहा. एकटे खेळत असता तेव्हा तुमची गाडी कशी रुळावरून चालल्यासारखी जाते. कुठल्या वळणाआधी ब्रेक मारायचा, कुठे पुन्हा वेग घ्यायचा, सारं बोटांना पाठ! मग ऑनलाइन शर्यत सुरू होते. तुम्ही पहिले. शेवटची फेरी. आणि मागे कुणीतरी अनोळखी खेळाडू चिकटलेला. ज्या वळणावरून शंभर वेळा सहज गेलात, तिथंच गाडी गरकन फिरते. रस्ता तोच, गाडी तीच, बोटंही तुमचीच. मग बिघडलं काय?

हे फक्त आपलंच होतं असं समजू नका हं! 12 जून 2011 रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात फॉर्म्युला वनची खरीखुरी शर्यत होती. सगळ्यात पुढे होता सेबास्टियन फेटल, आदल्याच वर्षीचा जगज्जेता. मागे होता जेन्सन बटन. हा बटन त्याच शर्यतीत मध्यंतरी चक्क शेवटच्या नंबरावर गेला होता! पाऊस थांबला होता, पण रस्त्याचा एक पट्टाच सुकलेला. त्याच्या बाहेर सगळं ओलसर. शेवटच्या फेरीत बटन अगदी जवळ आला. एका वळणावर फेटलची गाडी जराशी बाहेर गेली, ओल्यावर घसरली, आणि बटन पुढे निघून गेला. बटननं फेटलला बोटही लावलं नव्हतं. तो फक्त मागे होता.

आता बघू या आत काय घडतं ते. भीती वाटली किंवा चुरस वाढली, की आपल्या मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन नावाचा रस सोडतात. छाती धडधडते, तळहात घामेजतात, स्नायू आवळले जातात. वाघ मागे लागला असता, तर हे फार कामाचं होतं. पण खेळाच्या कंट्रोलरवर अंगठा एवढासा हलवायचा असतो. आवळलेला अंगठा तेवढासा हलत नाही. तो एकदम जास्तच ढकलतो.

दुसरी गोष्ट नजरेची. मागची गाडी पाहता पाहता पुढचं वळण आलेलं कळतच नाही. ब्रेक उशिरा लागतो. उशीर झाला म्हणून तो जोरात लागतो, आणि त्याच वेळी आपण गाडी वळवायलाही जातो. इथेच घोटाळा! टायरची पकड म्हणजे खाऊचे दहा रुपये समजा. दहाच्या दहा ब्रेकवर उडवले, तर वळायला खिशात काय उरणार? काहीच नाही. मग चाकं वळलेली असतात, पण गाडी सरळ गवतात जाते. चांगल्या खेळांमध्ये टायरचं हे गणित खऱ्या गाडीसारखंच घातलेलं असतं, बरं का!

तिसरी गोष्ट मात्र गंमतीची आहे. रॉय बॉमायस्टर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1984 साली आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक व्हिडिओ गेमच्या दुकानातला होता. तिथं खेळणाऱ्यांना सांगितलं, की आता एकाच डावात जास्तीत जास्त गुण मिळवून दाखवा, बक्षीस म्हणून एक खेळ फुकट! काय वाटतं, गुण वाढले असतील? छे! सरासरी गुण कमी झाले. 'चांगलंच खेळायचं' असं ठरवलं, की लक्ष खेळावरून उडून स्वतःच्या हातांवर जातं. जे काम हात आपोआप करत होते, त्यात डोकं लुडबुड करू लागतं.

पटत नाही? एक कागद घ्या. रोजच्यासारखं पटकन आपलं नाव लिहा. आता पुन्हा लिहा, पण या वेळी प्रत्येक अक्षराला बोटं नेमकी कशी वळतात ते पाहत पाहत. हात अडखळतो का ते बघा. माझ्या वर्गात तेराचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलं आहेत. पण साहेब तपासणीला आले, की तीच मुलं 'तेरा सत्ते'वर थबकतात. पाढा विसरलेला नसतो. साहेब त्यांच्या आरशात आलेले असतात!

म्हणजे दडपण वाईटच का? तसंही नाही. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले होते. चूक केली की उंदराला विजेचा झटका बसे. अवघड काम शिकताना फार सौम्य झटक्यानं उंदीर रेंगाळले आणि फार जोराच्या झटक्यानंही मागे पडले. मधल्या झटक्यानं ते सगळ्यांत लवकर शिकले. आमटीतल्या मिठासारखंच आहे हे. नसेल तर चव नाही, मूठभर पडलं तर तोंडात धरवत नाही.

आणि दडपण पेलताही येतं. 24 एप्रिल 2005 रोजी इटलीतल्या इमोला इथं तेवीस वर्षांचा फर्नांडो अलोन्सो पुढे होता. मागे कोण, तर सात वेळचा जगज्जेता मायकेल शूमाकर! शेवटच्या साधारण बारा फेऱ्या शूमाकर त्याच्या पाठीला चिकटून होता. अलोन्सोनं वळणावर आत शिरायला जागाच ठेवली नाही. सेकंदाच्या जेमतेम दोन दशांश भागानं तो जिंकला, आणि त्या वर्षीचा जगज्जेताही झाला.

मग आपण काय करायचं? चार सोप्या गोष्टी.

एक : आरसा पाहायचा तो सरळ रस्त्यावर. वळण जवळ आलं की नजर फक्त पुढे.

दोन : सरळ रस्त्यावर एक श्वास सावकाश सोडायचा. आवळलेली बोटं जरा सैल होतात.

तीन : मागचा सरळ रस्त्यावर जवळ येणारच. तुमची गाडी हवा कापत पुढे जाते, म्हणून त्याला वाऱ्याचा विरोध कमी होतो. तो फार शूर झालाय असं नव्हे. घाबरून ब्रेक उशिरा मारू नका. आणि गेला पुढे, तर जाऊ द्या. एक नंबर गेला म्हणजे शर्यत गेली असं नाही, पण गवतात गेलात तर पाच-सहा नंबर जातात.

चार : दडपणाचाही सराव करायचा. ताईला किंवा दादाला शेजारी बसवा आणि म्हणा, 'एकच संधी, पाहा हं.' सवय झाली की भीतीची धार बोथट होते.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मूल गणित सोडवत असताना खुर्चीमागे उभं राहून 'आता तरी चुकू नकोस' असं म्हणणं, किंवा 'पहिला आलास तर सायकल' असं आमिष दाखवणं, हे आपण प्रेमानंच करतो. पण त्या क्षणी आपणच आरशातली गाडी झालेलो असतो. सराव चालू असताना जवळ बसा, चुका होऊ द्या, आणि पेपरच्या दिवशी मात्र दोन पावलं मागे राहा. गुण कमी पडले, तर मुलाला येत नव्हतं असंच धरून चालू नका. येत होतं, पण नजर मागे होती, असंही असू शकतं.

या आठवड्याचा गृहपाठ : एकच रस्ता, एकच गाडी. तीन फेऱ्या एकट्यानं मारा. तीन फेऱ्या घरातलं कुणी खुर्चीमागे उभं असताना मारा. सहाही वेळा वहीत लिहा आणि दोन्हींची सरासरी काढा. मग आई-बाबांनाही खेळायला बसवा, आणि तुम्ही त्यांच्या खुर्चीमागे उभे राहा. मागे उभं राहणं सोपं, की पुढे बसणं, ते त्यांनाच विचारा!