स्वस्त झालेले मरण

चिनी मालिकांतील प्रेमिकांची ताटातूट पाहून आपल्यापैकी पुष्कळांचे डोळे ओलावतात. पण ती सारीच आसवे खरी नव्हेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ ची ५८ भागांची ‘इटर्नल लव्ह’ घ्या. नायिकेचे डोळे काढून घेतले जातात, ती स्वर्गातल्या उंच कठड्यावरून झेप घेते आणि देवी होऊन जागी होते. पुढे नायक प्राण देतो. शेवटी तोही परततो! पीचच्या फुलांचा बहर डोळ्यांचे पारणे फेडतो, नाही असे नाही. पण तीन जन्म हाताशी असताना एकाची काळजी प्रेक्षकाने का करावी?

२०१५ च्या ‘निर्वाणा इन फायर’मध्ये ही सोय नाही. (पहिले चारपाच भाग नावांच्या गोंधळात जातात, तेवढा धीर धरावा.) ७० हजार सैनिकांवरचा राजद्रोहाचा कलंक पुसायला मेई चांगसू राजधानीत येतो, तेव्हा त्याचे आयुष्यच मोजके उरलेले असते. एके काळचा हा योद्धा हू गे या नटाने खोकत, शेगडीशी हात शेकत उभा केला आहे. चेहरा पार बदललेला, तरी वाग्दत्त वधू निहुआंग त्याला ओळखते. ती स्वतः सेनापती. लग्नाचे वचन मात्र तो देऊ शकत नाही. अखेरीस औषधाच्या बळावर मिळालेले तीन महिने तो रणांगणाला देतो, आणि ती दुसऱ्या आघाडीवर निघून जाते.