गल्ल्यावरचे धन्वंतरी!

सीमाप्रश्नाला वाहिलेल्या या स्तंभात बडोद्याच्या औषधदुकानांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. कायदा कागदावर जिवंत आणि व्यवहारात मृत असला म्हणजे काय होते, हे 15 टक्क्यांच्या नियमानुसार मराठी परिपत्रके मागून थकलेल्या सीमावासीयांस ठाऊक आहे, म्हणून.

गज्जर, कोटिभास्कर व अमीन या त्रयीने 1907 साली उभारलेल्या ‘अ‍ॅलेम्बिक’च्या बडोद्यातील कारखान्यात 1961 साली पेनिसिलिन बनू लागले. गुजरातची सरकारी औषध प्रयोगशाळाही याच नगरीत आहे. गोळी शुद्ध, विक्री मात्र अशुद्ध! बडोदे काय किंवा बेळगाव काय, फळीला टेकून ‘घसा धरलाय’ म्हणावे, की पट्टीतून अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या कात्रीने कापून हाती पडतात. चिठ्ठीची विचारणा नाही, पावतीही नाही. दोन गोळ्यांनी बळकट जंतू मरत नाहीत, ते तरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पेनिसिलिन दुकानात मिळू लागले म्हणजे अडाणी माणूस अपुरी मात्रा घेईल, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल व्याख्यानात दिला होता. 2019 साली जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे केवळ औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज आहे.

डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून दुकान गाठणाऱ्या मजुरास आम्ही दोष देणार नाही. पण दुकानदार बिचारा अजाण, हा बचाव आम्हांस मान्य नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली व पाटणा येथील 622 दुकानांत बनावट रुग्ण धाडले गेले. नुसती लक्षणे सांगणाऱ्यास 37 टक्के वेळा प्रतिजैविक मिळाले. क्षयाचा अहवाल दाखविणाऱ्यास 16 टक्के वेळा. आणि क्षयावरील पहिल्या फळीची औषधे? ती एकाही दुकानदाराने दिली नाहीत! म्हणजे हात आवरता येतो. आवरण्याची इच्छा हवी आणि धाकही हवा.

तो धाक 2014 साली अमलात आलेल्या ‘एच-1’ अनुसूचीने घालू पाहिला. 46 औषधांसाठी रुग्णाचे व डॉक्टरचे नाव लिहिलेली वही तीन वर्षे जपणे सक्तीचे झाले. पण त्या 46 मध्ये अझिथ्रोमायसिन नव्हते! केरळने 2024 साली दुकानांवर अचानक धाडी घालण्याची मोहीम काढली. गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही सरकारांना आमचा सवाल आहे: प्रत्येक प्रतिजैविकाची नोंद त्या वहीत करवून घेणार की नाही, आणि ती वही तपासायला निरीक्षक कधी पाठविणार?